जे.जे. स्कूल ऑफ आर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जे.जे.’ म्हणजे ते भायखळ्याचं हॉस्पिटल ना?

नाही. देणगीदार एकच, संस्था वेगळ्या. हॉस्पिटल १८४५ चं, कलाशाळा १८५७ ची. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जे.जे.’ म्हणालात तर तो तुम्हाला हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडेल. त्याचं चुकत नाही, मुंबईत आजारी माणसं चित्रकारांपेक्षा नेहमीच जास्त. कलाशाळेला जायचं तर सीएसएमटीला उतरा आणि दादाभाई नौरोजी रस्त्यानं क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेनं चालायला लागा. डाव्या हाताला, झाडांच्या मागं, काळसर दगडाची बैठी इमारत दिसते ती.

हे जमशेटजी कोण? एका व्यापाऱ्याला चित्रकलेची शाळा कशाला हवी होती?

सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) हे पारशी व्यापारी. चीनशी चालणाऱ्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. अफूचा उल्लेख सहसा टाळला जातो, पण टाळण्यात अर्थ नाही. त्या काळच्या मुंबईतल्या निम्म्याअधिक दानधर्माच्या मुळाशी हाच व्यापार आहे. १८४२ मध्ये ते ‘सर’ झाले आणि १८५७ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा किताब मिळालेले. दोन्ही मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

कलाशाळेसाठी त्यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले. चित्रकार घडवावेत असा हेतू त्यामागं नव्हता. इंग्लंडच्या गिरणीतला माल आल्यामुळे इथले कारागीर देशोधडीला लागत होते. दुसरीकडे १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचं कौतुक झालं होतं. तेव्हा या कारागिरांच्या पोरांना शास्त्रशुद्ध रेखाटन शिकवावं, म्हणजे त्यांचा माल सुधारेल आणि खपेल, असा विचार होता. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये रेखाटनाचा पहिला वर्ग भरला. स्वतःची इमारत मिळायला १८७८ साल उजाडलं.

भारतातली ही पहिली कलाशाळा का?

नाही, आणि तसा दावा करायची गरजही नाही. मद्रासची १८५० ची, कलकत्त्याची १८५४ ची, मग मुंबई आणि १८७५ मध्ये लाहोर. चौघींच्या मागं सरकारचं धोरण साधारण एकच होतं. पुढं चौघींचं वळण मात्र वेगळं झालं आणि त्याचं कारण धोरणात कमी, शहरांत जास्त सापडतं. मुंबईत बांधकामं चालू होती, छापखाने होते, नाटकं होती, पैसेवाले शेटजी होते. पोर्ट्रेट काढून घ्यायला माणसं रांगेत उभी होती.

सुरुवातीला नेमकं काय शिकवत?

लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेत जे शिकवत तेच. आधी रेघ, मग भूमिती, मग यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश. गिरगावातून किंवा कोकणातून आलेलं पोर आधी अपोलोचं नाक काढायला शिके.

१८६५ च्या सुमारास इंग्लंडहून तीन शिक्षक आले. सजावटीच्या चित्रकलेला जॉन ग्रिफिथ्स, मूर्तिकामाला जॉन लॉकवुड किपलिंग आणि घडीव लोखंडकामाला हिगिन्स. तिघांनी आपापली कार्यशाळा थाटली. लोखंडकामाचं नाव ऐकून आज आश्चर्य वाटतं. पण मूळ योजना अशीच होती: हात चालला पाहिजे आणि त्यातून विकता येईल अशी वस्तू निघाली पाहिजे. जॉर्ज टेरी यांनी तर आवारात मातीची भांडी भाजायचा उद्योग उभारला. अजिंठ्याच्या नक्षीची झिलईदार फुलदाणी हा त्यातला खास माल. आज ती भांडी संग्राहक शोधत फिरतात.

किपलिंग इथेच जन्मला का? तो हिरवा बंगला त्याचाच?

‘जंगल बुक’वाला रडयार्ड किपलिंग हा या लॉकवुडचा मुलगा. ३० डिसेंबर १८६५ रोजी त्याचा जन्म याच आवारात झाला, हे खरं. बंगल्याचं मात्र तसं नाही. ज्या घरात तो जन्मला ते केव्हाच पाडलं गेलं. आज दिसणारा, लाकडी सज्ज्यांचा ‘डीनचा बंगला’ नंतरचा आहे. तरी लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. काढू द्यावेत, बंगला देखणा आहे. वाईट एवढंच वाटतं की आवारातून गेलेल्या शंभर मराठी कलावंतांची चौकशी कुणी करत नाही.

लॉकवुड १८७५ मध्ये लाहोरला गेले आणि तिथली मेयो कलाशाळा त्यांनी उभी केली. म्हणजे पाकिस्तानातल्या आजच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्सचं मूळही एका अर्थी इथं येऊन पोचतं.

मुंबईत या विद्यार्थ्यांच्या हाताचं काम कुठं दिसतं?

शाळेतून बाहेर पडून वर बघा. समोरचं स्टेशन, म्हणजे जुनं व्हिक्टोरिया टर्मिनस. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, पण दगडातली पानं, फुलं, माकडं, मोर, कठड्यांचं लोखंडकाम आणि लाकडातलं कोरीवकाम यांत जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारसा झाली. लोकल पकडायला रोज धावणाऱ्या लाखो माणसांच्या डोक्यावर हे प्रदर्शन कायमचं मांडलेलं आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. त्यातली राबणारी माणसं बघा. देवदेवता सोडून बाजारहाट करणाऱ्यांना दगडात बसवायचं हे त्या काळी वेगळंच होतं.

अजिंठ्याशी या शाळेचा काय संबंध?

माझ्या मते हा या शाळेच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आधी रॉबर्ट गिल यांनी बरीच वर्षं खपून केल्या होत्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग हे काम ग्रिफिथ्स यांच्याकडे आलं. १८७२ ते १८८५ या काळात ते विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याला जात. तुकडीत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखी हुशार मुलं होती. अंधाऱ्या लेण्यात वटवाघळांच्या वासात मोठाले कॅनव्हास लावून ही पोरं पद्मपाणीच्या भुवईची रेघ पकडायचा प्रयत्न करत बसत. शाळेत ग्रीक पुतळे घोटलेले हात पहिल्यांदाच आपल्याच मातीतल्या, दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषेला भिडत होते.

पुढचं दुर्दैव असं, की यातली शंभराच्या आसपास चित्रं साउथ केन्सिंग्टनला ठेवलेली असताना १८८५ मध्ये तिथंही आग लागली. उरलेल्यांपैकी बरीच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्यावरचे दोन जाडजूड खंड १८९६–९७ मध्ये निघाले.

एक काळी बाजूही आहे. रंग नीट दिसावेत म्हणून नक्कल करताना मूळ भिंतींवर वार्निश फासलं गेलं आणि कालांतरानं ते काळवंडलं. ज्यांनी अजिंठा जगाला दाखवला त्यांनीच तो थोडा बिघडवलाही. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात.

राजा रविवर्मा जे.जे.चेच ना?

नाही. त्यांचा छापखाना मुंबईत होता, ओळखीपाळखी इथं होत्या, पण ते इथं शिकले नाहीत. ‘जुनं, तैलरंगातलं, साडी नेसलेली बाई’ दिसली की रविवर्मा म्हणायची आपल्याला सवय आहे. हातात दिवा घेतलेल्या, बोटांतून लालसर उजेड झिरपणाऱ्या तरुणीचं प्रसिद्ध चित्र आठवतं? म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं? तेही लोक रविवर्म्यांच्या नावावर टाकतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, जलरंगातलं, आणि हळदणकर जे.जे.चे.

पहिल्या पिढीतली मराठी नावं कोणती?

दोघांपासून सुरुवात करा.

गणपतराव म्हात्रे. विद्यार्थिदशेतच, विशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. पूजेला निघालेली, नऊवारीतली तरुण स्त्री. १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात तो गाजला. शाळेत ग्रीक अंगावरची वस्त्राची चुणी शिकवली होती. म्हात्र्यांनी तीच चुणी लुगड्याच्या निऱ्यांत आणली. ‘विलायती शिक्षण घेतलं म्हणजे विलायतीच काम होणार’ या समजुतीला एवढं चोख उत्तर दुसरं नाही.

दुसरे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४), मूळचे कोल्हापूरचे. १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडले. काही काळ हंगामी संचालकही होते, जे एका नेटिव्ह माणसासाठी तेव्हा साधं नव्हतं. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. शाळेबद्दल एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचा. लग्नाचे मांडव, पाणवठे, दरबार, ऐतिहासिक प्रसंग, पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं असं सगळं त्यांनी काढलं. शंभर वर्षांपूर्वीची मराठी माणसं उभी कशी राहत, पदर कसा घेत, हे मला तरी धुरंधरांनीच दाखवलं.

बंगाल आणि मुंबईचं भांडण काय होतं?

थोडक्यात असं. कलकत्त्याला तिथल्या कलाशाळेचे प्रमुख हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर म्हणत होते की पाश्चात्त्य वास्तववाद सोडा, मुघल आणि अजिंठ्याकडे वळा. मुंबईवर आरोप होता की ही शाळा अजून साहेबाचीच नक्कल करते. १९१९ च्या सुमारास जे.जे.चे प्रमुख म्हणून आलेले ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी मधला रस्ता काढला. एकीकडे त्यांनी नग्न मॉडेल समोर ठेवून रेखाटनाचा वर्ग सुरू केला आणि दुसरीकडे भित्तिचित्रांचा वर्ग काढून विद्यार्थ्यांना भारतीय विषयांवर मोठमोठ्या भिंती रंगवायला लावल्या. नव्या दिल्लीच्या सचिवालयात, नॉर्थ ब्लॉकमध्ये, जे.जे.च्या विद्यार्थ्यांची भित्तिचित्रं आहेत ती याच काळातली. पुढं जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय शैलीचा वर्ग अनेक वर्षं सांभाळला.

वाद वर्तमानपत्रांतून बराच रंगला. आज मागं वळून बघताना वाटतं, दोन्ही बाजूंना ‘भारतीय’ म्हणजे काय ते आधीच ठाऊक असल्यासारखी खात्री होती. ती खात्री पुढच्या पोरांनी मोडून काढली.

सूझांना काढून टाकलं होतं म्हणतात, खरं का?

खरं. गोव्यातल्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा. राष्ट्रीय चळवळीतल्या सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांचं नाव शाळेतून काढलं गेलं. दोन वर्षांत, १९४७ मध्ये, त्यांनी रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. यातले रझा आणि शिल्पकार सदानंद बाकरे जे.जे.त शिकलेले, आरा औपचारिक शिक्षण न घेतलेले. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेतली ही सगळ्यात गाजलेली चळवळ शाळेनं घडवली म्हणावं, की शाळेविरुद्ध बंड करून घडली म्हणावं? मला दुसरं जास्त पटतं. पण बंड करायलाही समोर भिंत लागते आणि ती भिंत जे.जे.नं पुरवली. सॉलोमननंतरचे संचालक चार्ल्स जेरार्ड नव्या युरोपीय चित्रकलेबाबत उदार होते, हेही विसरू नये.

त्याच आसपासच्या बाकांवर तय्यब मेहता, अकबर पदमसी, मोहन सामंत आणि वासुदेव गायतोंडे बसले. गायतोंड्यांनी १९४८ मध्ये डिप्लोमा घेतला. नंतरच्या काळात शंकर पळशीकरांसारखा शिक्षक लाभला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुंबईच्या अमूर्त चित्रकलेला स्वतःचं वळण दिलं. प्रभाकर बरवे, नलिनी मलानी, अतुल दोडिया, जितिश कल्लाट हेही इथलेच.

मी कधी आर्ट गॅलरीत पाऊल ठेवलं नाही. माझा या शाळेशी काय संबंध?

तुमच्या देवघरापासून सुरू करू. शिर्डीच्या समाधीमंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती, जिच्या तसबिरी जगभर गेल्या, ती बाळाजी तालीम यांनी घडवली आणि १९५४ च्या विजयादशमीला तिची स्थापना झाली. तालीम जे.जे.चे.

पुण्यातल्या शिवाजी मिलिटरी शाळेचा, १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा बघितलाय? तो विनायक पांडुरंग करमरकरांचा. अलिबागजवळच्या सासवण्याचा हा मुलगा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यानं शिवाजी महाराज काढले होते, ते कलेक्टर ऑटो रॉथफिल्डनं पाहिले आणि त्याला मुंबईला धाडलं. सासवण्याचं करमरकरांचं घर आता संग्रहालय आहे. मांडव्याला बोटीनं गेलात तर वाट वाकडी करा, म्हशीचा पुतळा बघून परत या.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवतात? ‘दीपावली’चे दीनानाथ दलाल जे.जे.चे. शब्दाविना हसवणारे शि. द. फडणीस जे.जे.चे. संगणकावर आणि फोनवर देवनागरी वाचताना ‘मंगल’ हा फाँट कधी ना कधी डोळ्यांखालून गेला असेल. तो करणारे र. कृ. जोशी जे.जे.चे.

आणि शाळेतली एलिमेंटरी-इंटरमिजिएट! वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांनी पाण्याचा डबा, ब्रश आणि पॅड घेऊन दिलेली ही परीक्षा. रेखाटनाच्या श्रेणी परीक्षांची ही पद्धत साउथ केन्सिंग्टनकडून जे.जे.मार्गे आपल्याकडे आली. ‘बाजारातील दृश्य’ काढताना पुढं एक भाजीवाली, मागं दोन झाडं आणि कडेला सायकल अशी जी ठरीव चौकट आपल्या सगळ्यांच्या हातात बसली आहे, तिचे खापरपणजोबा धुरंधर. हे कौतुक आहे की तक्रार, ते तुम्ही ठरवा. मला सायकल कधीच जमली नाही.

आर. के. लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता?

हो. पाठवलेल्या चित्रांत प्रवेशाला लागणारी गुणवत्ता दिसत नाही, अशा अर्थाचं पत्र त्यांना आलं होतं. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे लिहिलं आहे. मग ते म्हैसूरला बी.ए. झाले आणि पुढं मुंबईत येऊन शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या टाइम्सच्या कचेरीत बसून अख्ख्या देशाला हसवू लागले. प्रवेश न मिळालेल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट सांगितली जाते.

मुली कधीपासून शिकू लागल्या?

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्यांची नावं ठळक दिसू लागतात. धुरंधरांची मुलगी अंबिका हिनं १९३१ मध्ये डिप्लोमा घेतला. गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची मुलगी अँजेला हीही इथलीच. दोघींच्या घरात चित्रकला आधीपासून होती, ही गोष्ट बोलकी आहे. बाकीच्या घरांतून मुलीला ‘मॉडेल’ बसतं त्या वर्गात कोण धाडणार होतं? तरी देशातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला इथं शिकल्या. कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये, म्हणजे भानू अथैया, इथंच शिकल्या, प्रोग्रेसिव्हांसोबत त्यांची चित्रं लागली आणि ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

सिनेमाशी नातं एवढंच?

छे. धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जे.जे.त दाखल झाले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. इथले शिक्षक एम. आर. आचरेकर राज कपूरच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शक झाले. अमोल पालेकर इथं चित्रकला शिकले, नाना पाटेकर उपयोजित कला. कॅमेऱ्यासमोर उभं राहायच्या आधी चौकट आखायला शिकलेली ही माणसं.

गोव्याची इतकी नावं कशी?

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात अशी शाळा नव्हती आणि मुंबईला नातेवाईक होते. त्रिंदाद, सूझा, दलाल, लक्ष्मण पै सगळे याच वाटेनं आले. अँजेलो द फोन्सेका मात्र इथल्या शिक्षणाला कंटाळून बंगालला अवनींद्रनाथांकडे गेले आणि तिथून येऊन त्यांनी साडी नेसलेली मेरी रंगवली. पै पुढं गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, म्हणजे वाट उलटीही वाहिली.

जे.जे. नेमकी एक संस्था की तीन-चार?

मुळात एक. १८९१ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावानं हस्तकलेच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या. वास्तुकलेचा वर्ग हळूहळू मोठा झाला. १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा, म्हणजे पुढच्या उपयोजित कलेचा, विभाग निघाला आणि त्याची धुरा व्ही. एन. आडारकरांनी सांभाळली. १९५८ मध्ये वास्तुकला आणि उपयोजित कला या स्वतंत्र संस्था झाल्या. आवार एकच राहिलं, डीन मात्र वेगवेगळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही सगळी मंडळी पुन्हा एका छताखाली आली आणि ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन’ या नावानं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुने विद्यार्थी स्वतःला ‘जेजेआयट’ म्हणवतात आणि नावापुढं ‘जी.डी. आर्ट’ लावतात. पदवी नव्हे, गव्हर्न्मेंट डिप्लोमा, पण मान असा की नंतरच्या पदव्यांनी हेवा करावा.

शाळेवर टीका कोणती होते?

हात तयार होतो, डोकं तसंच राहतं, ही सगळ्यात जुनी. पोर्ट्रेटचा ‘डेमो’ बघायला आजही गर्दी जमते: दोन तासांत हुबेहूब माणूस उभा राहिला की टाळ्या. या कसबाबद्दल मला आदर आहे, पण ‘हुबेहूब’ हीच चित्राची कसोटी असं मराठी मध्यमवर्गाच्या मनात जे घट्ट बसलंय, त्यात या शाळेचा वाटा मोठा आहे. बरव्यांचं चित्र दाखवलं की अजूनही ‘यात काय आहे?’ असा प्रश्न येतो. ज्या शाळेनं हुबेहूब शिकवलं तिथंच बरवे शिकले, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही.

आत जाऊन बघता येतं का?

वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत जा. तेव्हा वर्ग खुले असतात, मुलं आपापल्या कामाजवळ उभी असतात आणि विचारलं तर बोलतात. उंच छताचे, उत्तरेच्या उजेडाचे स्टुडिओ बघून घ्या. एरवी आधी परवानगी विचारावी. बाहेर पडलात की क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं बघायची राहू देऊ नका. सकाळी लवकर गेलात तर हातगाड्या कमी असतात, मान वर करून उभं राहता येतं.